पोर पांघरूण लाथाडतंय, कारण त्याला उकडतंय

प्रश्न कळंब्याच्या एका आईचा आहे. मुलगा एक वर्ष नऊ महिन्यांचा. रात्री साडेनऊला झोपतो, अर्ध्या तासात पांघरूण लाथेनं उडवतो, गादीभर गोल फिरतो आणि पहाटे पायथ्याशी आडवा पडलेला सापडतो, हातपाय बर्फासारखे गार. चारच्या सुमारास रडत उठतो. आई तासातासाला उठून पांघरूण घालते. तीन आठवडे तिची सलग झोप झालेली नाही. सासूबाई म्हणतात, स्वेटर-कानटोपी घालूनच झोपवायचं. नवरा म्हणतो, हीटर आणू. तिनं विचारलंय, नेमकं करू काय?

ताई, तुमचा मुलगा हट्टानं पांघरूण काढत नाही. त्याला उकडतंय म्हणून काढतोय. आणि पहाटे रडतो तेव्हा त्याला खरोखरच थंडी वाजत असते. दोन्ही खरं आहे, फक्त मध्ये सहा तासांचं अंतर आहे. अठ्ठावीस वर्षं मी कोल्हापुरात लहान मुलांचा दवाखाना चालवते, आणि दिवाळी सरली की हा प्रश्न आठवड्यातून दोन-तीनदा तरी समोर येतो. बहुतेक घरांत लढाई दहा वाजताच्या थंडीशी चाललेली असते. दहाला थंडी नसतेच. ती चारला येते.

झोप लागताना शरीर आतली उष्णता कातडीवाटे बाहेर सोडतं. म्हणून झोपी गेलेल्या पोराचे तळपाय कोमट लागतात आणि उशी घामानं ओली होते. झोपेचा पहिला एक-तृतीयांश हिस्सा सगळ्यात गाढ असतो आणि लहान मुलांना त्याच वेळी डोक्याला, मानेला भरपूर घाम येतो. त्यावर आपण जाड रजई टाकली की लाथ बसणारच. मध्यरात्रीनंतर झोप हलकी होत जाते, स्वप्नांची झोप वाढते, आणि त्या झोपेत शरीर स्वतःचं तापमान नीट सांभाळत नाही. अंगाची ऊब रात्रीतली सगळ्यात कमी होते ती पहाटे. खोलीही तेव्हाच सगळ्यात गार असते. त्यात दहाला आलेल्या घामानं बनियन ओलसर राहिलेलं असेल, तर चारला तेच अंगाला गारवा देतं.

त्यात आपली कोल्हापूरची हवा. डिसेंबर-जानेवारीत दुपारी तीस अंशांच्या आसपास ऊन, आणि पहाटे चौदा-पंधरा. कधी त्याच्याही खाली. तुमचं घर वरच्या मजल्यावर आहे असं तुम्ही लिहिलंय. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत ऊब सोडत राहतो, म्हणून झोपताना खोलीत पंखा लावावा की काय असं वाटतं. पहाटे तोच स्लॅब गार पडलेला असतो. कळंबा तलावाकडून, शेतांकडून येणारं धुकं तुम्ही खिडकीतून बघत असालच. एकच पांघरूण या दोन्ही वेळांना पुरं पडत नाही, मग ते कितीही महागाचं घ्या.

म्हणून पांघरूण अंगावर टिकवायचा नाद सोडा. चिमटे लावून, कोपरे गादीखाली खोचून, सेफ्टी पिनांनी चादर गादीला अडकवून लोक करतात ते करू नका. गोल फिरणारं मूल त्यात अडकतं, आणि मान अडकली तर ओरडायलाही येत नाही. ऊब कपड्यात घाला, म्हणजे पोर कुठंही लोळलं तरी ती त्याच्याबरोबर लोळेल.

कसं, ते सांगण्याआधी थंडी मोजायची कशी ते सांगते, कारण निम्मी चूक तिथंच होते. आपण हात आणि पाय चाचपतो. लहान मुलाचे हातपाय रात्री गार असणं यात काहीच विशेष नाही. शरीर छाती-पोटाकडची ऊब राखण्यासाठी टोकांचं रक्त कमी करतं. तुमचे दोन बोटांचे पेर त्याच्या मानेमागे, कॉलरच्या आत घाला. तिथं कोमट आणि कोरडं लागलं तर तो मजेत आहे, मग तळहात बर्फ असेनात का. ओलसर लागलं तर कपडे जास्त झालेत. मान, छाती, पोट गार लागलं तरच एक थर वाढवायचा. हे एकदा रात्री साडेअकराला, तुम्ही झोपायला जाताना बघा, आणि एकदा पाचला. पाचाचं उत्तर महत्त्वाचं.

आता सासूबाईंच्या स्वेटर-कानटोपीबद्दल. त्यांची काळजी खरी आहे. त्यांनी मुलं वाढवली ती कौलारू घरात, फटीफटीतून वारा यायचा, तिथं टोपी लागायचीच. आणि नवजात बाळाला आम्हीही टोपी घालायला सांगतो. पण तुमचा मुलगा पावणेदोन वर्षांचा आहे, बंद खिडकीच्या खोलीत झोपतोय. त्याचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आहे, जास्तीची उष्णता तिथूनच बाहेर पडते. ते झाकलं की तो आणखी तापतो, आणखी तळमळतो. शिवाय फिरताना टोपी सरकून नाकावर येते.

एक मुलगी मला नेहमी आठवते. डिसेंबरातली सकाळ होती, आजी तिला शालीत गुंडाळून धावत आल्या, "अंग भाजतंय हो डॉक्टर." शाल काढली, आत लोकरीचा स्वेटर, त्याच्या आत आणखी एक, मग थर्मल, मग झबलं. मोजे दोन-दोन. सगळं काढत गेलो तेव्हा शेवटचं झबलं पिळता येईल इतकं ओलं निघालं आणि पाठभर घामोळं उठलं होतं, ऐन थंडीत. वीस मिनिटं नुसत्या सुती कपड्यात आईच्या मांडीवर बसवली. थर्मामीटर लावला, ताप नव्हता. ती मुलगी तिथंच झोपून गेली. आठ दिवस रात्री झोपत नव्हती, असं आजीच सांगत होत्या.

तर कपडे असे. अंगालगत सुती, बिनबाह्यांचं बनियन. त्यावर सुती, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायजमा, पायजम्यात बनियन खोचलेलं, म्हणजे लोळताना पोट उघडं पडत नाही. पोट उघडं पडलं की तिथून ऊब जाते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. पायात सुती मोजे, इलास्टिकचा वळ उठणार नाही असे. लोकर कातडीला लागू देऊ नका, थंडीत आधीच कोरडी झालेली कातडी त्यानं खाजते आणि खाजेनं मूल वळवळतं. संध्याकाळी कोमट पाण्यानं अंग पुसून खोबरेल तेल चोळलंत तर निम्मी वळवळ कमी झालेली बघाल.

आणि यावर झोपेची पिशवी. बाजारात स्लीपिंग बॅग म्हणून मिळते, ऑनलाइनही मिळते. घेणार असाल तर तिच्यावर 'टॉग' नावाचा आकडा बघा, तो कापडाची ऊब सांगतो. खोली वीस ते चोवीस अंश असेल तर एक टॉग, सोळा ते वीस असेल तर अडीच. दोन-तीनशे रुपयांचं खोलीतलं थर्मामीटर आणून पहाटे पाचचा आकडा चार दिवस लिहून ठेवा. बंद खोलीत कोल्हापुरात अडीच टॉग क्वचितच लागतं, असा माझा अनुभव आहे.

पण माझं ऐकाल तर विकत घेऊ नका, शिवून घ्या. आपल्याकडे वाकळ शिवणाऱ्या बायका अजून गल्लोगल्ली आहेत. जुन्या लुगड्याचं मऊ पडलेलं सूत त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. बाहेरून जुनी सुती साडी, मध्ये फलालीनचा एक थर, आतून मलमल किंवा जुनं धोतर. बास, तीनच थर. वाकळीसारखे सहा-सात थर घातले तर वजन होतं, आणि झोपलेल्या लेकराच्या छातीवर वजन नको. बाह्या नकोत. हात मोकळे राहिले की जादा उष्णता तिथून निघून जाते. माप खांद्यापासून घोट्यापर्यंत घ्या आणि चार बोटं वाढवा. खाली पिशवीसारखं बंद शिवू नका, दोन पाय बाहेर येतील अशा सैल मोहऱ्या ठेवा, कारण तुमचा मुलगा चालता आहे. पहाटे उठून उभा राहिला तर बंद पिशवीत तोंडावर आपटेल. गळा नीट जमला पाहिजे: तुमची दोन बोटं आत जावीत, पण त्याची हनुवटी आत जाऊ नये. काखेतही तसंच. गळ्याला नाडी नको, बटण नको, बटण तुटून तोंडात जातं. पुढून चेन, आणि चेनीच्या वरच्या टोकावर कापडाची छोटी पट्टी, म्हणजे हनुवटीला टोचणार नाही. दोन शिवून घ्या. एक ओली होणारच.

ही पिशवी साडेनऊला घालून चेन उघडी ठेवा, जाकिटासारखी. तेव्हा त्याला उकडत असतं. साडेअकराला तुम्ही झोपायला जाल तेव्हा मानेमागे बोटं घाला. बनियन ओलसर असेल तर झोपेतच बदला, कोरडं बनियन घातलं की पहाटेचं निम्मं काम झालं. लंगोट असेल तर तोही त्याच वेळी बदला. रात्रीपुरता डायपर वापरलात तर मला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण ओल्या लंगोटात कितीही ऊबदार पिशवी असली तरी पोर तीनला उठणार. मग चेन लावा आणि तुम्ही झोपा. वरून पांघरूण घातलंच पाहिजे असं नाही. घालायचंच तर पातळ सुती दुपटं छातीपर्यंत, ते उडालं तर उडू द्या, त्यासाठी उठायचं नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र सुटं पांघरूण, उशी, लोड, मऊ खेळणी अंथरुणात काहीच नको. हे तुमच्या घरात पुढं लहान बाळ आलं तर लक्षात असू द्या.

अंथरुणाकडे कोणाचंच लक्ष नसतं. थंडी वरून येते तेवढीच खालूनही येते. फरशीवर पातळ गादी घालून झोपत असाल तर अंगाखाली दबलेला कापूस फरशीचा गारवा थेट वर देतो. गादी जमिनीवर ठेवणं चांगलंच, फिरणारं मूल पडत नाही. पण फरशी आणि गादीच्या मध्ये घोंगडी घाला. पट्टणकोडोलीच्या यात्रेतून आणलेली एखादी घोंगडी घरात कपाटावर पडून असेल, तिचा याहून चांगला उपयोग नाही. अंगावर ती टोचते, खाली तिच्यासारखी दुसरी वस्तू नाही. गादीला दुपारी गच्चीवर दोन तास ऊन दाखवा, कापूस फुगतो, ओल जाते. आणि गादी बाहेरच्या भिंतीपासून हातभर आत सरकवा. तुमचा मुलगा फिरत फिरत भिंतीला चिकटून झोपतो असं तुम्हीच लिहिलंय.

तो तुमच्या दोघांच्या मध्ये झोपत असेल तर तुमची रजई त्याच्यावर येऊ देऊ नका. मोठ्यांची रजई त्याच्या तोंडावर जाते, आणि तुमच्या अंगाची ऊब मिळतेय ती वेगळीच.

हीटरबद्दल. खोली झोपण्याआधी अर्धा तास तापवून बंद करायची असेल तर हरकत नाही, मूल आणि कापड दोन्ही तीन फुटांवर. रात्रभर चालू ठेवू नका. हवा कोरडी पडते, नाक चोंदतं, आणि चोंदलेल्या नाकाचं मूल कुठल्याही पांघरुणात झोपत नाही. गरम पाण्याच्या पिशवीनं अंथरूण शेकून घ्या, पण पोराला ठेवण्याआधी ती बाहेर काढा. मुलाच्या कातडीला भाजायला मोठ्यांपेक्षा कमी उष्णता आणि कमी वेळ पुरतो, आणि झोपेत ते सांगत नाही.

कोळशाची शेगडी बंद खोलीत मात्र कधीच नाही. गावाकडे बाळंतिणीच्या खोलीत शेक-धुरी करायची पद्धत आहे, तीच सवय थंडीत पुढं चालते. जळत्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही. करवीर तालुक्यातल्याच एका वाडीवरचं कुटुंब माझ्याकडे पहाटे आलं होतं, सगळ्यांचं डोकं ठणकत होतं, उलट्या होत होत्या आणि दीड वर्षाचं पोर मान टाकून पडलं होतं. आजोबा पाण्याला उठले, त्यांना चक्कर आली म्हणून दार उघडलं, त्या दारानं सगळे वाचले. धूर दिसत नव्हता, निखारे लाल झाले होते, म्हणून धोका नाही असं त्यांना वाटलं होतं. बाथरूममधल्या गॅस गिझरचंही हेच. मुलाला आंघोळ घालताना खिडकी उघडी, किंवा बादली भरून गिझर बंद, मग मुलाला आत न्या.

पोटात द्यायच्या गोष्टींचंही बोलून घेते, कारण कोणीतरी तुम्हाला सांगणारच. ब्रँडीचे दोन थेंब नाहीत. दारूनं कातडीच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर ऊब वाटते आणि अंगाची उष्णता उलट बाहेर जाते; लहान मुलाची रक्तातली साखरही खाली येते. झोपेसाठी जायफळ वाढवू नका. कापूर किंवा निलगिरी असलेला बाम दोन वर्षांच्या आत छातीला, नाकाला लावू नका, आणि ओवा-कापराची पुरचुंडी उशाशी ठेवू नका. कापूर पोटात गेला तर मुलाला झटके येतात. मी ते पाहिलंय.

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाहीत, पण तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीनं माझं लक्ष वेधलं. तुम्ही लिहिलंय, "जेवण फार नाही, पण दिवसाला लिटरभर म्हशीचं दूध पितो, तेवढं समाधान आहे." ताई, मला तिथंच काळजी वाटते. आपल्या कोल्हापुरात दुधाचा अभिमान मोठा. गंगावेशीत समोर म्हैस पिळून धारोष्ण दूध पिणारी माणसं आपण. (लहान मुलाला ते कच्चं दूध नको, उकळूनच.) पण दुधात लोह नावापुरतं असतं, आणि पोट दुधानं भरलं की भाकरी, डाळ, अंडं कशालाच जागा राहत नाही. लोह कमी पडलेली मुलं झोपेत फार वळवळतात, पाय झाडतात, गोल फिरतात. हे आता नीट माहीत झालेलं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशात सहा महिने ते पाच वर्षांची १०० पैकी ६७ मुलं रक्तक्षय असलेली निघाली. तुमचा मुलगा त्यात असेलच असं नाही, पण हिमोग्लोबिन आणि फेरिटिन एकदा तपासून घ्या. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन ठीक असूनही तो रिकामा असू शकतो. लोहाचं औषध तपासणीनंतर डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानंच, मनानं सुरू करू नका.

दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत आणा, तेही जेवणानंतर, वाटीनं किंवा पेल्यानं. बाटली तोंडात घेऊन झोपणं बंद, त्यानं पुढचे दात किडतात. तुमच्याकडे मांसाहार चालत असेल तर आपलं अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, आहेच, पण नुसतं पाणी पाजू नका, लोह मटणाच्या फोडीत असतं. मऊ शिजलेली फोड कुस्करून भातात कालवा, वर लिंबू पिळा, लिंबानं डाळी-भाज्यांतलं लोहही अंगी लागतं. शाकाहारी असाल तर मूग-मसुराची दाट आमटी, नाचणी, हिरव्या पालेभाज्या, लिंबू रोज.

रात्री ढुंगण खाजवत उठत असेल तर जंत असतील. अंगणवाडीत जंतनाशक दिनाला गोळी देतात, तुमच्या मुलाच्या वयाला अर्धी, कुटून. चुकली असेल तर डॉक्टरांकडून घ्या. रोज घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, तर नाकामागची गाठ तपासायला हवी.

थंडी लागली म्हणून न्यूमोनिया होईल, ही भीती तुमच्या प्रश्नात दिसते. पांघरूण उडाल्यानं न्यूमोनिया होत नाही, तो जंतूंनी होतो. पण खोकला असताना मूल शांत झोपलं की छाती-पोट उघडं करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलात चाळीस किंवा त्याहून जास्त, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, तर रात्र काढू नका, निघा. ओठ निळसर, पिणं बंद, किंवा छाती-पोट गार आणि मूल सुस्त, हाक मारून नीट जागं होत नाही, तरीही लगेच.

पिशवी शिवून यायला चार दिवस लागतील. आज रात्री असं करा. बनियन, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, एकावर एक दोन सुती पायजमे, मोजे. वडिलांचा जुना सुती हाफ टीशर्ट असेल तर तो नको, गळ्याशी सैल होतो. मुलाचंच पुढून चेनीचं बिनबाह्यांचं जाकीट हाताशी ठेवा, टोपी आणि नाड्या काढून. ते आत्ता घालू नका. साडेअकराला मानेमागे बोटं घाला, बनियन बदला, मग जाकीट चढवा. पाचचा गजर लावा, एकदाच उठा, मान बघा, आणि काय लागलं ते मला उद्या सांगा.